एकोणसाठ टक्क्यांतलं सूत किती?

गेल्या वर्षी परळमधल्या एका छोट्या सभागृहात मी माझ्या पीएचडीच्या कामाबद्दल बोलले होते. विषय : उरलेल्या कापडापासून नवं कापड. श्रोते तीसेक, त्यातले निम्मे निवृत्त गिरणी कामगार. पहिल्याच स्लाइडवर मी एक आकडा मोठ्या अक्षरांत लावला होता : भारतातल्या कापडी कचऱ्यापैकी ५९ टक्के कचरा परत वस्त्रोद्योगात येतो. शेजारी गोल फिरणारा हिरवा बाण. युरोपात काय चाललंय, आपण किती पुढे आहोत, असं सगळं छान रंगवून झालं. शेवटी त्रासन खात्यात आयुष्य काढलेले एक काका उठले आणि म्हणाले, "बाय, तुझे एकोणसाठ टक्के बरोबर असतील. पण त्यातलं सूत किती झालं?"

मला उत्तर देता आलं नाही. ज्या अहवालातून मी तो आकडा उचलला होता, तो घरी येऊन पुन्हा पहिल्यापासून वाचला. ही पोस्ट म्हणजे त्या दुसऱ्या वाचनाचा हिशोब आहे.

अहवालाचं नाव ‘वेल्थ इन वेस्ट’. ॲमस्टरडॅमच्या ‘फॅशन फॉर गुड’ या संस्थेने तो जुलै २०२२ मध्ये काढला. आमच्या क्षेत्रात भारताबद्दल कुणी काही लिहिलं, की पहिला संदर्भ याचाच असतो. त्यातली ठळक आकडेवारी अशी : भारतात दर वर्षी सुमारे ७८ लाख टन कापडी कचरा जमा होतो, जगाच्या साडेआठ टक्के. त्यातला ५१ टक्के देशातल्या लोकांनी वापरून टाकलेला, ४२ टक्के कारखान्यांतच उरलेला आणि ७ टक्के बाहेरून आयात केलेला. यातला ५९ टक्के पुनर्वापर किंवा रिसायकलिंगच्या वाटेने वस्त्रोद्योगात परततो. उरलेल्यापैकी १९ टक्क्यांचं काहीतरी हलक्या दर्जाचं होतं, ५ टक्के जाळला जातो, १७ टक्के डंपिंगवर जातो.

आधी श्रेय देते. हा अहवाल येण्यापूर्वी आमच्याकडे भारतासाठी इतकं जोडून मांडलेलं चित्र नव्हतं. जगाचा आकडा सगळेच देत होते : एलन मॅकआर्थर फाउंडेशनच्या २०१७ च्या अहवालातला, की कपड्यांसाठी लागणाऱ्या मालापैकी १ टक्क्याहून कमी माल पुन्हा कपडा होतो. त्या १ टक्क्याशेजारी आपले ५९ ठेवले, की छाती फुगते. माझी फुगलीच होती. गोम अशी, की हे दोन आकडे एका जातीचे नाहीत. तो १ टक्का ‘कपड्याचा पुन्हा कपडा’ मोजतो. आपल्या ५९ मध्ये आईची साडी मामीने नेसली तर तीही बसते आणि शर्ट फाडून त्याचं घोंगड्याचं सूत झालं तर तेही बसतं. काका नेमकं एवढंच विचारत होते.

आता थोडं विज्ञान, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

कापसाचा सगळा खेळ तंतूच्या लांबीचा असतो. आपल्याकडच्या मध्यम-लांब धाग्याच्या कापसात तंतू साधारण २५ ते ३० मिलिमीटर भरतो. सूत म्हणजे असे हजारो तंतू एकमेकांवर चढवून दिलेला पीळ. तंतू लांब असेल तर शेजाऱ्याला धरून ठेवायला जागा जास्त मिळते आणि बारीक सूतही तुटत नाही. आखूड झाला तर पकड सुटते, मग सूत जाड काढावं लागतं. जुनं कापड पुन्हा तंतू करायचं तर ते दातेरी रुळाखाली फाडावं लागतं. पिळाचं सूत, वर घट्ट विणलेलं. ते मुकाट्याने सुटत नाही, तंतू तोडूनच सुटतं. हाती येतो त्यातला बराचसा अर्ध्या इंचाच्या आतला तुकडा. म्हणून ४० नंबरच्या सुताचा शर्ट फाडला तर त्यातून ४० नंबरचं सूत निघत नाही. सहा, दहा, फार तर वीस नंबरचं निघतं, तेही नवा कापूस किंवा पॉलिस्टर मिसळून. त्याचं ब्लँकेट होतं, दरी होते, पोछा होतो. तो पोछा पुन्हा फाडून सूत काढायची हिंमत कुणी करत नाही.

ज्यांनी पिंजारी पाहिला असेल त्यांना हे एका वाक्यात कळेल. गिरगावातल्या चाळींत धनुकली वाजवत पिंजारी यायचा, दबलेल्या गादीचा कापूस मोकळा करून द्यायचा. कापूस फुलायचा, पण लांब व्हायचा नाही. दर खेपेला थोडा भुगा व्हायचा आणि गादीत नवा कापूस घालावा लागायचा.

तेव्हा माझा तो गोल हिरवा बाण खोटा होता. खरं चित्र जिन्याचं आहे. प्रत्येक फेरीला कापड एक-दोन पायऱ्या उतरतं. ५९ टक्क्यांमध्ये कोणतं कापड किती पायऱ्या उतरलं हे दिसत नाही. अहवाल एवढं कबूल करतो, की या परतलेल्या मालापैकी थोडाच भाग जागतिक पुरवठा साखळीत पोचतो, कारण दर्जा कमी आणि मालाचा माग लागत नाही. मात्र यावर तो जो उपाय सुचवतो तो अहवालाच्या उपशीर्षकातच आहे : भारतातला कापडी कचरा साखळीत ‘परत आणण्याची’ शक्यता.

‘परत आणणे’ या शब्दापाशी माझी गाडी अडली. तो माल साखळीबाहेर गेला होता, असं ठरवलं कुणी?

ज्या सभागृहात मी बोलत होते त्याच्या आजूबाजूला एके काळी काय चालायचं ते बघा. १८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवला मुंबईतली पहिली कापड गिरणी उभारायला घेतली. तिथून गिरण्या भायखळा, लालबाग, परळ, दादर, वरळीपर्यंत पसरल्या. गिरणीच्या आत उरलेल्या मालाची शिस्त कडक. कताईच्या आधी तुटलेला पेळू, सैल वात यांना पीळ नसतो किंवा नावालाच असतो, म्हणून ती परत कापसाच्या मिश्रणात जायची. पिळाच्या सुताची तूट मात्र आत घेता येत नाही, ती वेगळी बांधून विकली जायची. परळच्या रेल्वे वर्कशॉपात किंवा कुठल्याही गॅरेजात फिटरच्या हातात जो ‘वेस्टचा बोळा’ दिसतो, तो हाच. कोंबिंगमध्ये निघणारे आखूड तंतू जाड सुतासाठी आणि दवाखान्याच्या कापसासाठी. शेवटी घडी खात्यात कापड तपासलं जायचं. सलग माल वेगळा, डागी वेगळा, आणि तुकड्यांना लांबीप्रमाणे नावं : फेंट, रॅग, चिंधी. प्रत्येकाचा दर निराळा. ज्या ‘चिंधी’ला आपण बोलण्यात शिवीसारखं वापरतो, तो गिरणीच्या हिशोबात मालाचा एक रीतसर वर्ग होता. सुटीच्या वेळी गेटवर कामगारांची झडती व्हायची. कचऱ्यासाठी झडती कोण घेतं?

हे तुकडे तोलून बाजारात जायचे. मूळजी जेठा, मंगलदास आणि दादरची हिंदमाता. कटपीस हा शब्द आपल्या आयांच्या पिढीला चांगला माहीत आहे. ब्लाउजपीस, झबलं, उशीचा अभ्रा, परकराची पट्टी, सगळं त्यातून निघायचं.

आणि तिसरी कडी घराच्या दारात : बोहारीण. जुन्या कपड्यांवर भांडी. घासाघीस तासभर. ‘ही साडी विरलीय ताई, पॅन्ट अजून एक टाका, मग पातेलं देते.’ आमच्या शास्त्रीय भाषेत याला दर्जानिहाय वर्गीकरण म्हणतात. कापड उजेडात धरून, बोटांनी ताणून, शिवण उलटी करून ती क्षणात ठरवायची की याला गिऱ्हाईक मिळेल की नाही. ग्रँट रोड-कामाठीपुऱ्याच्या बाजूला पहाटे भरणाऱ्या जुन्या कपड्यांच्या बाजारात ते कपडे पुन्हा विकले जायचे. बोहारणीने नाकारलेलं घरात राहायचं : आधी लंगोट-दुपटी, मग पोतेरं, किंवा गोधडी.

गोधडीपाशी थांबायला हवं. लालबाग-परळच्या खोल्यांत पाळीप्रमाणे झोपणारे गडी, प्रत्येकाची वळकटी, त्या वळकटीत गावाहून आलेली वाकळ. गोधडीत काय होतं? जुन्या साड्या एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवल्या जातात. कापड फाडून तंतू करत नाहीत, म्हणून तंतूची लांबी जशीच्या तशी राहते. विरलेल्या पाच थरांची ताकद एकत्र येते. रसायन नाही, वीज नाही, जिन्यावरून उतरणं जवळपास नाही. शास्त्राच्या निकषावर ही माझ्या सगळ्या प्रयोगांपेक्षा सरस प्रक्रिया आहे (गाइडना हे वाक्य दाखवलेलं नाही).

मग ७८ लाख टनांत गोधडी कुठे आहे? ती कुठेच नाही. ती कधी टाकली गेली नाही, म्हणून कचऱ्यात धरली नाही. कधी विकली गेली नाही, म्हणून पुनर्वापरातही धरली नाही. टनांची मोजणी तिथे सुरू होते जिथे घर संपतं. याचा परिणाम मजेशीर आणि वाईट आहे. घरोघरी गोधड्या शिवणं थांबलं, की तेच कापड कचऱ्यात येतं आणि अहवालात देशाची ‘शक्यता’ वाढते. जे काम होत होतं ते बंद पडलं, म्हणून नफ्याची संधी निर्माण झाली. आकड्यांत याला वाढ म्हणतात.

मला वाटतं अहवालाची खरी अडचण इथे आहे, ५९ टक्क्यांच्या बेरजेत तितकी नाही. तो कापडाला वजन देतो, पण जागा देत नाही. गिरणगावचं वैशिष्ट्य असं होतं, की कापड बनणं, विकलं जाणं, वापरलं जाणं, विटणं आणि पुन्हा काहीतरी होणं हे सगळं पायी जाण्याच्या अंतरात घडत होतं. हे तुटलं ते तंत्र नव्हतं म्हणून नाही.

कसं तुटलं ते बहुतेकांना ठाऊक आहे, त्यामुळे थोडक्यात. १८ जानेवारी १९८२ चा संप, अडीच लाखांच्या आसपास कामगार. मग १९९१ ची विकास नियंत्रण नियमावली, नियम ५८ : गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे, एक मोकळ्या जागांसाठी पालिकेला, एक परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ मध्ये दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. साचे भंगारात गेले. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या ज्या थोड्या गिरण्या धडधडत होत्या, त्यातल्या टाटा आणि पोदार मार्च २०२० च्या टाळेबंदीत थांबल्या त्या थांबल्याच. आज याच पट्ट्यात ब्लाउज शिवणारे, ड्रेस शिवणारे, गणपतीच्या मंडपाचं कापड लावणारे यांच्याकडे चिंधी रोज तयार होते. बेतताना साधारण पंधरा टक्के कापड कात्रीखाली उरतं असं धरतात. ते पिंजून सूत काढणारं एकही यंत्र आता परळ-लालबागमध्ये नाही. पिंजणयंत्राला जेवढी फरशी लागते तेवढ्या फरशीचं भाडं इथे सूत विकून निघणार नाही.

दुसरं टोकही जमिनीनेच कापलं. गिरगावची चाळ पाडून टॉवर झाला, की फाटकावर पाटी येते : विक्रेत्यांना प्रवेश नाही. बोहारीण त्या पाटीच्या बाहेर राहते. वरच्या मजल्यावरचा जुना शर्ट ओल्या कचऱ्याच्या डब्यात खरकट्यासोबत जातो, आणि एकदा भिजला की त्याचं कुणी काही करत नाही. मग सल्लागार येतात आणि ‘भारतात संकलनाची व्यवस्था विस्कळीत आहे’ असं लिहितात.

चिंधी म्हणून पानिपतला जाते. मराठी माणसाला पानिपत दुसऱ्याच कारणासाठी माहीत असतं, पण कापडाच्या दुनियेत ते जुन्या कापडापासून सूत काढण्याचं जगातलं एक मोठं ठिकाण आहे. ही ‘शॉडी’ची कला मूळची यॉर्कशरमधल्या बॅटलीची, १८१३ च्या सुमाराची, लोकरीची. मुंबईतून दीडेक हजार किलोमीटर ट्रकने जाऊन तीच चिंधी ब्लँकेट होऊन परत येते. अहवालातल्या नकाशात हा बाण सरळ आणि स्वच्छ दिसतो.

त्या बाणाच्या आत काय आहे ते पाहायचं तर दोन गोष्टी सुचवते. एक, लूसी नॉरिस यांचं ‘रीसायकलिंग इंडियन क्लोदिंग’ हे २०१० चं पुस्तक. दिल्लीतल्या मध्यमवर्गीय बायकांची कपाटं, साडी कधी आणि कुणाला द्यायची याचे त्यांचे निर्णय, भांड्यांवर कपडे घेणाऱ्या वाघरी समाजाचा व्यापार, हे नॉरिस इतकं बारकाईने लिहितात की बोहारणीकडे बघण्याची आपली नजर बदलते. दुसरी, मेघना गुप्ता यांची ‘अनरॅव्हल’ ही २०१२ ची पंधरा मिनिटांच्याही आतली फिल्म. पानिपतमध्ये परदेशी जुने कपडे कापणाऱ्या बायका बटणं, चेन, लेबलं काढता काढता त्या कपड्यांच्या मालकिणींबद्दल तर्क करतात. तिकडे पाणी महाग असावं, म्हणून धुण्याऐवजी फेकून देत असतील, असा त्यांचा कयास. आपण हसतो, आणि मग लक्षात येतं की प्रश्न त्यांनीच विचारलाय, अहवालाने विचारलेला नाही : मुळात इतकं फेकतात का?

या दोन्हींबद्दलही तक्रार आहेच. फिल्म फारच गोड आहे. यंत्राखालून उडणारी धूळ तिच्यात सुंदर दिसते. नव्या कापसापेक्षा जुनं कापड फाडताना धूळ जास्त उडते, आणि त्या धुळीचं काय होतं हे परळला वेगळं सांगायला नको. गिरणी कामगारांचा बिसिनोसिस, सुट्टीनंतर कामावर आलं की छाती आवळणारा, याच भागातल्या केईएमच्या डॉक्टरांनी अभ्यासलेला आहे. चक्राकार वस्त्रोद्योगावरच्या लेखांत पाणी किती वाचलं, कार्बन किती वाचला याचे तक्ते असतात. फुफ्फुसाचा रकाना मी अजून फार थोड्या ठिकाणी पाहिलाय. आणि गिरणगावात पिंजणयंत्रं परत आणा असं मी भाबडेपणाने म्हणायला लागले, तर हा रकाना आधी माझ्याच तोंडावर मारायला हवा.

कुणी म्हणेल, फाडायचं कशाला, विरघळवा. बरोबर. सुती कापड विरघळवून त्याच्या लगद्यापासून व्हिस्कोससारखा नवा लांब तंतू काढता येतो, तिथे जिना खरोखर वर चढतो. मी यावरच काम करते, तेव्हा मला त्याबद्दल वाईट बोलायचं नाहीये. पण दोन-पाच टक्के लायक्रा किंवा पॉलिस्टरचं मिश्रण आलं की प्रयोगशाळेतला सुंदर द्रव गढूळ होतो, आणि आजकाल शुद्ध सुती काय असतं हे लेगिंगच्या लेबलवर वाचा. शिवाय स्वीडनमधल्या सुंड्सवालचा कारखाना आठवा. रिन्यूसेल कंपनीने २०२२ मध्ये मोठ्या थाटात सुरू केला, फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. लगदा उत्तम होता. ऑर्डरी पुरेशा आल्या नाहीत आणि पैसा संपला. पुढे नव्या मालकांनी ती घेतली हे खरं, पण ‘तंत्र सापडलं की वर्तुळ पूर्ण’ या समजुतीला तिथे तडा गेला. साखळीत परत घ्यायला ब्रँड उत्सुक आहेत, असं सांगणाऱ्या प्रत्येक अहवालाला मी आता विचारते : कुठल्या भावाने?

काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर पालिकेने वस्त्रोद्योगाचं संग्रहालय हाती घेतलंय. तिथे साचा ठेवतील, भोंगा ठेवतील, बाबीन ठेवतील. घडी खात्याचं टेबल ठेवतील का, फेंट-रॅग-चिंधीच्या तीन ढिगांसकट, हे मला जाणून घ्यायचंय. मला विचाराल तर आमच्या विषयाच्या प्रत्येक अभ्यासक्रमाचा पहिला तास त्या टेबलापाशी व्हायला हवा.

माझ्या प्रबंधातला पहिला परिच्छेद बदललाय. ५९ हा आकडा आहे, पण आता त्याच्यापुढे तीन उपप्रश्न आहेत : जसाच्या तसा वापरला गेलेला किती, सूत झालेला किती, आणि ते सूत कितव्या नंबरचं. तिसऱ्याचं उत्तर काढायला सुताचे नमुने गोळा करते आहे. काकांना फोन करून हे सांगितलं, तर त्यांनी तासभर त्रासनातल्या तुटीबद्दल सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "आणि गोधडी कुठे घातलीस?"

त्या रात्री घरातली आजीची गोधडी वजनकाट्यावर ठेवली. दोन किलो दोनशे ग्रॅम. उसवलेल्या कोपऱ्यातून मोजलं तर आत चार साड्या आणि एक धोतर. वहीत वजन लिहून ठेवलंय, रकाना अजून रिकामा आहे.